साठच्या पुढे गेलं की गाडी घुमते. आवाज नेमका कुठून?

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा तातडीने.

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी झालेली. साधारण तीन आठवड्यांपासून ताशी ५५-६० च्या पुढे गेलं की घुमल्यासारखा आवाज सुरू होतो. घूंऽऽऽ असा, पिठाची गिरणी चालू असताना बाहेर उभं राहिल्यावर येतो तसा. ८० ला तो इतका चढतो की शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं. ४० च्या खाली जवळजवळ नाहीच. मला तो डाव्या बाजूने, शेजारच्या सीटच्या पायापाशी येतोय असं वाटतं. पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात. काचा खाली होत्या. बोगद्याच्या भिंतीवरून आवाज परत अंगावर आला आणि वाटलं मागून एखादं मोठं वाहन येतंय. आरशात पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं.

दोन गॅरेजना दाखवून झालं. एकाने एक फेरी मारली आणि सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवा. दुसऱ्याने फेरी न मारताच चारही टायर बदलायला सांगितले. दोन्ही खर्च मोठे, आणि दोघांपैकी कुणीही 'हेच का' ते सांगेना.

तातडी यासाठी की दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी मी बाबांना वाईहून साताऱ्याला डायलिसिसला नेते. चार दिवस गाडी दिली तर एक फेरी नक्की चुकते, आणि ती चुकवून चालत नाही. येताना ते थकलेले असतात, तासभर झोप लागली तर बरं वाटतं त्यांना. हल्ली या घरघरीने ती लागत नाही. आणि आवाज धोक्याचा असेल तर त्यांना घेऊन हायवेला जावं की नाही, हाही प्रश्न आहे.

कुठून सुरुवात करू?


टायरवाला_कोल्हापूर | ८ जून, रात्री १०:१५

ताई, आधी टायर बघा. माझं दुकान आहे म्हणून सांगत नाही, पण असल्या घुमण्याच्या दहा तक्रारींत निम्म्याहून जास्त टायरच्या निघतात.

गाडी बंद करून टायरच्या नक्षीवरून हात फिरवा. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं, तर टायर दाती खाल्लाय. शॉकअप मऊ पडलेत, अलाइनमेंट बिघडलंय किंवा टायर पुढे-मागे फिरवायचे राहिलेत, अशा वेळी असं होतं. तो टायर ६० च्या पुढे हुबेहूब तुम्ही सांगताय तसाच घुमतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतील तेही वाचा. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला टायर. जुना, कडक झालेला टायर नक्षी चांगली असली तरी आवाज करतो.


घाटमाथा | ८ जून, रात्री १०:५०

टायरचं वर म्हटलंय त्याला दुजोरा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. तिथे माझी गाडी घूंऽऽ करायची आणि जुन्या हायवेच्या डांबरावर आली की निम्मा आवाज गायब. मी दोन महिने बेअरिंग (चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते) गेलं समजून घाबरत होतो. टायर बदलले, विषय संपला. रस्त्याचा पोत बदलल्यावर आवाजाचा सूर बदलत असेल तर टायरवर संशय घ्या.


जुनाफिटर | ९ जून, सकाळी ६:३०

ताई, दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. आता निवृत्त. तुमचं बाबांचं वाचलं, म्हणून सकाळी उठून आधी हेच लिहायला बसलो.

आवाज कसा येतो हे तुम्ही छान सांगितलंत. पण आवाजाच्या जातीवर फार जाऊ नका. घूं, घर्र, गूं हे प्रत्येकाच्या कानाप्रमाणे बदलतं. तो कधी येतो आणि कशाने बदलतो, ते पाहा. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला आठ दिवस पान्याला हात लावू द्यायचे नाहीत, नुसतं गाडीत बसवून ऐकायला लावायचे. ड्रायव्हरने "लई वाजतीय" एवढंच लिहून दिलेलं असायचं. बाकीचं आपण काढायचं.

मंगळवारी साताऱ्याला जालच, तर एवढं करा. रस्ता मोकळा आणि सपाट असेल तेव्हाच. घाटात नाही, उतारावर नाही.

पहिलं: ७० च्या वेगात पाय काढा, क्लच दाबा, गिअर न्यूट्रल करा. इंजिन खाली बसेल, गाडी त्याच वेगात धावत राहील. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाच्या फेऱ्यांचा नाही, गाडीच्या वेगाचा आहे. इंजिन मात्र चुकूनही बंद करायचं नाही. ते बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर दोन-तीन दाबांत संपतो.

दुसरं: गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये ३,००० पर्यंत रेस द्या. तिथे आवाज आला तर दुखणं बोनेटखाली आहे.

तिसरं: हायवेची लांबट वळणं असतात ना, त्यात कान द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळताना डाव्या. कुठल्या वळणाला आवाज चढतो आणि कुठल्या वळणाला पडतो, लक्षात ठेवा.

चौथं: आवाज चालू असताना ब्रेकला हलकासा पाय लावा. बदलला तर पॅड, डिस्क, कॅलिपर या बाजूला जाऊ.

कानाने बाजू ठरवू नका. चाकाचा आवाज पत्र्यातून कुठूनही वर येतो.


नवशिका | ९ जून, सकाळी ११:०५

धाग्यात मध्येच घुसतोय, क्षमस्व. माझ्या गाडीत काल गावच्या खडीच्या रस्त्यावरून आल्यापासून उजव्या पुढच्या चाकातून किर्रर्र असा भयंकर आवाज येतोय. पत्रा घासल्यासारखा, अगदी १० च्या वेगातसुद्धा. ब्रेक पॅड संपले का?


जुनाफिटर | ९ जून, सकाळी ११:४०

@नवशिका, खडीवरून आल्यावर लगेच सुरू झालाय, म्हणजे बहुधा डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकलाय. मोकळ्या जागेत गाडी हळू मागे घ्या, पुढे घ्या, चार-पाच वेळा. बऱ्याचदा खडा पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटभर बाहेर ओढला की निघेल. तसाच दामटू नका, डिस्कला चर पडते. पॅड संपल्याचा आवाज असा एका दिवसात येत नाही. बहुतेक गाड्यांत पॅडला छोटी पत्र्याची जीभ असते, ती आधी बरेच दिवस बारीक चिरकते.


नवशिका | ९ जून, दुपारी १:२०

तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना टक् करून पडला! हरभऱ्याएवढा खडा. मनापासून आभार काका.


वशिष्ठीतीर | ९ जून, संध्याकाळी ७:१०

धागाकर्तीला एक प्रश्न: गाडी कधी पाण्यातून गेली होती का?

विचारायचं कारण सांगते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमची गाडी अंगणात होती. पाणी सीटच्या वर गेलं. नंतर इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, सीटा उन्हात टाकल्या. चाकांच्या बेअरिंगकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, आमचंही नाही. दिवाळीच्या सुमारास मागची दोन्ही चाकं घुमायला लागली. उघडली तर आतलं ग्रीस साबणाच्या फेसासारखं पांढरं झालेलं. त्या वर्षी आमच्या गल्लीत ज्यांच्या गाड्या वाचल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हेच पुढे भोवलं. म्हणून ज्यांची गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली असेल, त्यांनी आवाज येण्याची वाट पाहू नये, एवढं कळकळीने सांगते.


कृष्णाकाठ | १० जून, रात्री ८:५०

आज जाऊन आले. सगळं पाहिलं. लिहून घ्यायचं काम बाबांनी केलं, त्यांच्या गोळ्यांच्या वहीत मागच्या पानावर.

१. पाचवड सोडल्यावर सपाट तुकड्यात ७२ ला न्यूट्रल केलं. इंजिन शांत झालं, आवाज जसाच्या तसा. वेग उतरत गेला तसा तोही उतरला, ४५ ला विरला.

२. उभ्या गाडीत ३,००० रेस: काही नाही.

३. आनेवाडी टोलनाक्याजवळ रस्त्याचा पोत बदलतो, तिथे टायरचा सुसाट आवाज बदलला, पण त्याच्या खालची ही घरघर बदलली नाही. दोन वेगळे आवाज आहेत हे मला आज पहिल्यांदा कळलं.

४. वळणं. हे ऐकून मी चक्रावले. डाव्या वळणाला आवाज स्पष्ट चढतो. उजव्या वळणाला इतका पडतो की क्षणभर गाडी बरी झाली असं वाटतं. जाता-येता पाच वळणांना सारखंच. पण मला तर तो डावीकडूनच ऐकू येतो!

५. ब्रेकने काही फरक नाही.

@वशिष्ठीतीर, हो. गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या गावाजवळच्या ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होतं, त्यातून दोनदा काढली होती. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल. त्या वेळी बाबांना आणायचं होतं, दुसरा रस्ता नव्हता. तुमचं वाचून आता ते आठवलं.


यंत्रमित्र | १० जून, रात्री ९:३०

जुनाफिटर काकांचा आदर राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. न्यूट्रलच्या चाचणीने गिअरबॉक्स सुटला असं होत नाही. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत न्यूट्रलमध्येही डिफरन्शिअल (गिअरबॉक्सची ओढ दोन्ही चाकांना वाटून देणारा भाग) आणि त्याची बेअरिंगं चाकांबरोबर फिरतच असतात. ती वाजली तर आवाज असाच वेगाप्रमाणे चढेल-उतरेल. पहिल्या गॅरेजवाल्याला एकदम चुकीचं ठरवू नये असं वाटतं.


जुनाफिटर | १० जून, रात्री १०:०५

@यंत्रमित्र, बरोबर बोललात, हे मी लिहायला हवं होतं. न्यूट्रलने फक्त इंजिन आणि क्लच बाजूला होतात.

पण डिफरन्शिअल वाजत असेल तर ते ओढीवर बदलतं. पाय दाबल्यावर एक सूर, पाय सोडून गाडी इंजिनावर रोखल्यावर दुसरा. वळणाला मात्र सहसा इतका फरक पडत नाही. इथे उलट आहे, वळणालाच बदलतोय. ताई, गुरुवारी एवढं एक बघा: ७० ला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा आणि सोडा, बदलतो का. आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्याच्या तळाचा बोल्ट काढून तेल पाहता येतं. तेलात चमचमणारी कीस किंवा कपच्या आल्या तर बोलू. त्याला अर्धा तास लागतो, चार दिवस नाही.

माझा संशय पुढच्या उजव्या चाकावर आहे. तुम्हाला तो डावीकडून ऐकू येतो कारण तुम्ही उजवीकडे बसता आणि आवाज पुढच्या आडव्या दांड्यातून पलीकडे जाऊन मोकळ्या बाजूने वर येतो. आमच्या बसला मागचं चाक वाजायचं आणि ड्रायव्हर छातीठोकपणे पुढचं सांगायचा.


टायरवाला_कोल्हापूर | ११ जून, सकाळी ९:००

काकांचं पटतंय, तरी टायर सोडू नका. फुकटात होणारी चाचणी आहे: पुढचे दोन मागे, मागचे दोन पुढे, त्याच बाजूला. हवा चारही चाकांत सारखी करून घ्या आणि पुन्हा त्याच रस्त्याने जा. आवाज जागा बदलला किंवा सूर बदलला, तर टायर. तसाच राहिला तर टायर निर्दोष. मीच सांगतोय, मग टायर घेऊ नका.


अटलांटिकपार | ११ जून, दुपारी १२:२५

न्यू जर्सीहून. तुमचा आवाज हा नाही हे कळतंय, पण धागा शोधत येणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचा पत्रा खातो. माझ्या गाडीत सिग्नलला उभं असताना, ठरावीक एका फेऱ्यांवरच, डब्यात नाणी हलवल्यासारखं वाजायचं. सायलेन्सरच्या वरच्या उष्णतारोधक पत्र्याचा एक बोल्ट गंजून तुटला होता. पट्टीची क्लिप आवळली आणि थांबलं. उभ्या गाडीत, ठरावीक रेसलाच येणारी खडखड असेल तर आधी तिथे बघा. सायलेन्सर थंड झाल्यावर.


कृष्णाकाठ | १२ जून, रात्री ९:१५

काल टायर पुढे-मागे करून घेतले, आज साताऱ्याची फेरी झाली. टायरचा सुसाट आवाज थोडा कमी झाला. घरघर जिथल्या तिथे. डाव्या वळणाला चढते तीही तशीच. पाय दाबून आणि सोडून तीन वेळा पाहिलं, काही बदल नाही.

म्हणजे उजवी बाजू, पण पुढचं चाक की मागचं? आणि असं चालवत राहणं कितपत सुरक्षित आहे?


जुनाफिटर | १३ जून, सकाळी ६:१५

चाक उचलून बघायचं. सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. जॅकवर उचलली की लगेच खाली लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

गिअर न्यूट्रल. चाक वरून आणि खालून, घड्याळातल्या १२ आणि ६ ला धरून हलवा. खडखड प्ले (सैलपणा) आला तर बेअरिंग बरंच पुढे गेलंय, मग हायवेला जाऊच नका, बाबांना दुसऱ्या गाडीने न्या. प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र समजू नका. हल्लीची बेअरिंगं बंद असतात, आत दोन रांगा गोळ्यांच्या. पाणी शिरून गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडले की आवाज आधी येतो, प्ले फार उशिरा. आमच्या बसला निमुळत्या रोलरची बेअरिंगं असायची, ती उघडून ग्रीस भरून नट बेताने आवळता यायचा. तुमच्या गाडीत तसं काही करता येत नाही, बदलायचंच असतं.

आता खरी खूण. एक माणूस चाक हाताने जोरात फिरवेल. दुसऱ्याने त्याच चाकाच्या वरच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर तळहात हलका टेकवायचा. दाबायचा नाही. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंगला काही कळत नाही. खराब असेल तर खरखर थेट हाताला येते. डावं आणि उजवं दोन्ही करून पाहा, फरक लगेच कळेल. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांत घालू नका.

कानाला आम्ही लांब पाना लावायचो, एक टोक लोखंडाला आणि एक कानामागच्या हाडाला. पण फिरत्या गाडीच्या आसपास तुम्ही ते करू नका.


कृष्णाकाठ | १३ जून, संध्याकाळी ७:४५

काय सांगू. सापडलं.

समोरच्या घरातला भाचा मदतीला आला. बाबा म्हणाले, मी पण येतो. ते गाडीखाली नाही, बाजूला खुर्ची टाकून बसले. त्यांचा हात स्प्रिंगपर्यंत सहज पोचत होता. आमच्या विहिरीवर पूर्वी डिझेल इंजिन होतं, त्याचा ठोका चुकला की ते घरातून ओळखायचे आणि उठून जायचे. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. पण हात शाबूत आहे.

आधी डावं पुढचं चाक. भाच्याने गर्रकन फिरवलं. बाबांचा तळहात स्प्रिंगवर, डोळे मिटलेले. "काही नाही. पाण्यासारखं जातंय."

मग उजवं. १२ आणि ६ ला धरून हलवलं, प्ले शून्य. मला वाटलं हेही चांगलंच. चाक फिरवलं आणि बाबांनी एका सेकंदात हात उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाले, "आत वाळू आहे."

मीही ठेवला. खरंच वाळू. चाक जोरात फिरताना तळहाताला बारीक गुणगुण, आणि हळू होताना कण दाताखाली यावा तशी कचकच. कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मागची दोन्ही चाकंही पाहिली, स्वच्छ.

बाबा तासभर त्याबद्दलच बोलत होते. कितीतरी महिन्यांनी.


वशिष्ठीतीर | १३ जून, रात्री ८:२०

वाचताना डोळे भरून आले. बाबांना नमस्कार सांगा.


यंत्रमित्र | १३ जून, रात्री ८:५५

निदान पक्कं झालं, माझी शंका मागे घेतो. आता बदलताना काय पाहायचं ते लिहितो, कारण नवीन बेअरिंग चुकीचं बसवल्यामुळे सहा महिन्यांत पुन्हा घुमलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

ज्याच्याकडे प्रेस (दाबून बसवायचं यंत्र) आहे अशाच ठिकाणी द्या. हातोडीने ठोकून बसवणार असतील तर गाडी परत आणा. ठोक्याने गोळ्या वाटेवर आपटतात, तिथे खळगे पडतात आणि आवाज पहिल्या दिवसापासून आत बसतो. बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या ज्या लोखंडी भागात ते बसतं त्यात) दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर हवा. नंतर हब (ज्याला चाक बोल्टने बसतं तो भाग) त्यात दाबताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांतून जातो. जुन्या बेअरिंगचं आतलं कडं बहुतेक वेळा हबवरच अडकून राहतं. ते पुलरने काढून हबची बैठक घासली गेलीय का ते बघायला सांगा.

तुमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर आणखी एक. बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडं असतं, चाकाचा वेग सेन्सर त्यावरूनच वाचतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं, तेही नवीन बेअरिंग घेऊन, कारण एकदा दाबून काढलेलं पुन्हा वापरायचं नसतं. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच असतात. स्टेपलरची पिन जवळ न्या, चुंबकाची बाजू ती हलकेच ओढते.

एक्सलचा मोठा नट नवाच घ्या. तो टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या आकड्यालाच आवळायचा, आणि तो आवळण्याआधी गाडीचं वजन त्या चाकावर येऊ द्यायचं नाही.


घाटमाथा | १३ जून, रात्री ९:३०

वाचनखूण साठवली. एक विचारू का? माझ्या दुसऱ्या गाडीत पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक-टक येतं. सरळ रस्त्याला काही नाही. हेही बेअरिंगच का?


जुनाफिटर | १४ जून, सकाळी ६:२०

@घाटमाथा, नाही, ते एक्सलच्या बाहेरच्या सांध्याचं, सीव्ही जॉइंटचं. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे करून हळू गोल फिरा, मग उजवीकडे. चाकामागे वाकून रबराचं बूट बघा. फाटलं असेल तर आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. नुसतं बूट फाटलंय आणि टकटक अजून नाही, अशा वेळी पकडलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं. टकटक सुरू झाली की सांधा गेला.

ठोके मोजायची सवय लावा. अशा गाडीच्या चाकाचा घेर १.९ मीटरच्या आसपास असतो. २० च्या वेगात चाक सेकंदाला जवळजवळ तीनदा फिरतं. ठोके तितकेच येत असतील तर चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. इंजिन त्या वेळी २,००० वर असेल तर सेकंदाला ३३ फेरे घेतं, ते ठोके कुणाला मोजता यायचे नाहीत.


कृष्णाकाठ | १६ जून, संध्याकाळी ६:३०

साताऱ्यात प्रेस असलेलं एक छोटं वर्कशॉप मिळालं. सोमवार मुद्दाम निवडला, म्हणजे मंगळवारची फेरी सुटणार नाही. शनिवारची फेरी ५० च्या आत, सगळ्यात डावीकडून केली.

तिथल्या मिस्त्रींना मी आधीच सांगितलं की मला उभं राहून बघायचंय. ते म्हणाले, बघा की. पिनेचं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच टेबलावरून पिन उचलली आणि दोन्ही बाजूंना लावून दाखवली. एका बाजूला पिन टुकटुक करत चिकटली, दुसऱ्या बाजूने खाली पडली. "आम्ही हेच करतो ताई, पण गिऱ्हाईक विचारत नाही."

जुनं बेअरिंग हातात दिलं त्यांनी. बाहेरून अगदी धडधाकट. दोन बोटांनी आतलं कडं फिरवलं तर तीच कचकच. मग कड्यातून गोळ्या काढून वाट उजेडात धरली. आरशासारख्या चकचकीत पट्ट्यावर एका जागी उंदराने कुरतडल्यासारखा डाग, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. ग्रीस कॉफीच्या रंगाचं. एवढ्याशा डागाने अख्खी गाडी घुमत होती.

खर्च: बेअरिंग २,१५० रुपये, नट आणि सर्क्लिप मिळून १८०, मजुरी १,२००. काम तीन तासांचं. गिअरबॉक्सचं तेलही त्यांनी पाहिलं, स्वच्छ निघालं. एबीएसचा दिवा लागून लगेच विझतो, म्हणजे तेही ठीक.


जुनाफिटर | १६ जून, रात्री ८:१०

छान झालं. कॉफीच्या रंगाचं ग्रीस म्हणजे पाणीच. ओढ्याच्या दोन फेऱ्यांनी हे केलं. डाव्या बेअरिंगनेही तेच पाणी पाहिलंय. आज ते चांगलं आहे, बदलू नका, पण दर तीन-चार महिन्यांनी हात लावून बघत जा. हात कुणाचा लावायचा ते तुम्हाला माहीत आहेच.


कृष्णाकाठ | १७ जून, रात्री ९:००

आजची फेरी झाली. ६०, ७०, ८०, काहीही नाही. पाचवडच्या आधीचं ते डावं वळण आलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. फक्त टायर आणि वारा.

बाबा येताना लिंब फाट्यालाच झोपले. वाईत दारात गाडी लावली तरी जाग आली नाही. मी इंजिन बंद करून पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले.

एक नवीन गोष्ट मात्र: मोठा आवाज गेल्यावर आता गल्लीतल्या खडबडीत रस्त्यावर, २० च्या वेगात, पुढून एक हलकी खट् खट् ऐकू येते. छोट्या खड्ड्यांनाच. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम गेली तर येत नाही, एकच चाक खड्ड्यात गेलं तर येते. वहीत लिहून ठेवलंय.


जुनाफिटर | १८ जून, सकाळी ६:१०

एकाच चाकाला येते हे तुम्ही आपणहून पाहिलंत, उत्तम. स्टॅबिलायझरचा, म्हणजे वळणाला गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा, लिंक रॉड असणार. दोन्ही चाकं एकदम वर गेली की त्या दांड्याला पीळ बसत नाही, म्हणून वाजत नाही. गाडी चारही चाकांवर उभी असताना, इंजिन बंद करून, लिंक रॉड हाताने जोरात हलवून बघा. वरचा किंवा खालचा बॉल सैल असेल तर तिथेच खट् करेल. धोक्याचं नाही, गुरुवारी-शनिवारी खुशाल जा. सोमवारी बदलून घ्या, दोन्ही बाजूंचे एकदम.